नवा रंग, जुना पत्रा

प्रश्न : चोपड्यात एक जुनी ॲम्बेसेडर गाडी विकायला आहे, जळगावात मुंबईहून आणलेली जुनी प्रीमियर पद्मिनी. पद्मिनीचा रंग चकाचक. कोणती घेऊ? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : भाऊ, जुन्या गाडीवर चकाचक रंग दिसला की मला आधी शंका येते. एकदा फसलोय! फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे धरत नाही तिथे गंजलेला पत्रा झाकायला पुट्टी भरलीय. मग मॅट उचला, डिकीतली स्टेपनी काढा, खालचा पत्रा ठोका. भद्द वाजला तर गंजाने खाल्लाय, सरळ घरी या. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, बॉडीच भार पेलते, म्हणून पत्रा गंजलेला नको. मी आपल्या कोरड्या हवेतली ॲम्बेसेडर घेईन. पद्मिनीने समुद्राची खारी हवा खाल्लीय. इंजिन काय, बांधून मिळतं.