‘गन्नेन’ म्हणजे नुसतं पहिलं वर्ष नव्हे

प्रश्न असा आहे: जपानमधल्या वृद्धांच्या आरोग्यसेवेवरचा एक लेख मराठीत आणताना १९७३ या सालाला ‘फुकुशि गन्नेन’ म्हटलेलं दिसलं. ‘कल्याणाचं पहिलं वर्ष’ असं भाषांतर केलं. पण त्याच लेखात पुढे १९६१ सालीच सगळ्या नागरिकांना आरोग्य विमा आणि पेन्शन योजना लागू झाल्याचं म्हटलं आहे. मग १९७३ पहिलं कसं? चूक मूळ लेखात आहे की भाषांतरात?

मूळ लेख बरोबर आहे. अडचण ‘पहिलं’ या शब्दाची आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

माझ्याकडे दहा येनची दोन नाणी आहेत. तांबूस रंगाची, एका बाजूला ब्योदोइन मंदिराची वास्तू, दुसऱ्या बाजूला दहाचा आकडा आणि त्याखाली साल. एकावर ‘शोवा’ हे शकाचं नाव आणि पुढे जपानी लिपीतले अठ्ठेचाळीस, म्हणजे आपलं १९७३. दुसरं २०१९ चं. त्यावर ‘रेइवा’ लिहिलंय, पण पुढे ‘एक’ नाही. जपानीत एक लिहायला एक आडवी रेघ पुरते. इथे मात्र चार रेघांचं निराळंच अक्षर कोरलंय. तेच हे ‘गन’. अर्थ मूळ, उगम, आरंभ. ‘नेन’ म्हणजे वर्ष. हेच अक्षर वर्षाच्या पहिल्या सकाळीला ‘गन्तान’ म्हणतात त्यात आहे, ‘हे मूळ दुकान’ अशा अर्थी पाट्यांवर ‘गन्सो’ लिहितात त्यात आहे, आणि ‘गेन’ या दुसऱ्या उच्चारानं ‘गेन्की’मध्येही आहे, जो जपानी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात भेटतो.

म्हणजे ‘गन्नेन’ हा क्रमांक नाही. नवी मोजणी जिथून धरली, त्या वर्षाचं ते नाव आहे. मेइजी काळापासून जपानमध्ये एका सम्राटाला एकच शक असतो, आणि सम्राट बदलला की मोजणी नव्यानं सुरू होते. ते वर्ष बारा महिन्यांचं असलंच पाहिजे असंही नाही. नारुहितो १ मे २०१९ रोजी गादीवर आले, त्यामुळे रेइवा गन्नेन आठ महिन्यांचं झालं आणि १ जानेवारीला रेइवा २ लागलं. शोवा गन्नेन तर २५ डिसेंबर १९२६ ला सुरू होऊन ३१ तारखेला संपलं. सात दिवसांचं वर्ष! आणि शोवाचं शेवटचं, चौसष्टावं वर्षही १९८९ च्या जानेवारीत सातच दिवस टिकलं.

या शब्दाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट हवाईतली आहे. १८६८ च्या मे महिन्यात सुमारे दीडशे जपानी माणसं योकोहामाहून जहाजानं हवाईच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेली. त्यांना ‘गन्नेनमोनो’ म्हणतात, म्हणजे गन्नेनची माणसं, कारण ते वर्ष मेइजी गन्नेन. पण जहाज निघालं तेव्हा मेइजी हे नाव ठरलेलंच नव्हतं, आधीच्या केइओ शकाचं चौथं वर्ष चालू होतं. ऑक्टोबरात नवा शक जाहीर झाला आणि तो वर्षाच्या सुरुवातीपासून लागू धरला गेला. ज्या नावानं ही माणसं आज ओळखली जातात, ते नाव त्यांच्या पाठीमागे, ती समुद्रापार गेल्यावर जन्मलं.

आता १९७३. सरकारी गणनेत ते शोवा ४८, सम्राट तोच, शक तोच. तरीही पंतप्रधान काकुएई तानाकांच्या सरकारच्या काळात त्याला ‘फुकुशि गन्नेन’ म्हटलं गेलं. ‘फुकुशि’ची दोन्ही अक्षरं शुभ, कृपा या अर्थाची आहेत आणि दोन्हींच्या डाव्या अंगाला देवाच्या वेदीची खूण आहे. १९४७ पासून लागू असलेल्या संविधानाच्या २५ व्या कलमात हा शब्द आहे, तिथे तो राज्यानं नागरिकांसाठी करायच्या समाजकल्याणाच्या कामासाठी येतो. म्हणून ‘कल्याण’ हा तुमचा शब्द योग्यच आहे.

त्या वर्षी घडलं काय? जानेवारीपासून सत्तरीपुढच्या लोकांचे औषधोपचार मोफत झाले. नोकरदारांच्या विम्यात कुटुंबीयांच्या खर्चाचा अर्धा वाटा मिळायचा, तो सत्तर टक्के झाला. मोठ्या आजारपणाच्या खर्चाला मर्यादा घालणारी योजना आली. पेन्शन वाढली आणि तिची सांगड महागाईशी घातली गेली. पण यातलं मोफत उपचारांचं काम सरकारच्या आधी लोकांनी खालून सुरू केलं होतं. इवाते प्रांतातलं सावाउची हे डोंगरातलं, बर्फात अडकणारं, गरीब गाव. तिथले गावप्रमुख मासाओ फुकासावा यांनी १९६० मध्येच पासष्टीपुढच्यांचे उपचार मोफत केले आणि पुढच्या वर्षी साठीपुढच्यांचे आणि तान्ह्या मुलांचेही. १९६२ मध्ये त्या गावात एकही तान्हं मूल दगावलं नाही. मग १९६९ मध्ये रिओकिची मिनोबे राज्यपाल असताना टोकियोनं सत्तरीपुढच्यांचे उपचार मोफत केले, इतर ठिकाणीही हे पसरलं, आणि शेवटी देशाला ते करावं लागलं. माझ्या लेखी खरं गन्नेन सावाउचीचं. पण शब्द राजधानीत ठरतात.

म्हणून ‘पहिलं वर्ष’ म्हटलं की घोटाळा होतो. ‘फुकुशि गन्नेन’ म्हणणाऱ्याला १९६१ चा विमा ठाऊक असतोच. ‘आजवर मोजलं कारखान्यांचं उत्पादन, इथून पुढे मोजू माणसाचं सुख’, असा त्याचा आशय आहे. त्यात पुढची वर्षं येतील हे वचनही आहे. ते वचन किती अवघड ठरलं पाहा: त्याच ऑक्टोबरात मध्यपूर्वेत युद्ध पेटलं, तेल महागलं, ओसाकाजवळच्या सेन्री वसाहतीत टॉयलेट पेपरसाठी रांगा लागल्या, आणि १९७४ मध्ये जपानची अर्थव्यवस्था युद्धोत्तर काळात प्रथमच आकुंचन पावली. १९८३ च्या फेब्रुवारीपासून वृद्धांच्या उपचारांना पुन्हा पैसे लागू झाले, दवाखान्यात जाण्याचे महिन्याला ४०० येन. त्यामुळे आजच्या जपानी लेखनात हा शब्द आला की त्याला हळहळीची किनार असते. तुमच्या लेखकालाही ती अभिप्रेत आहे का, हे संदर्भावरून पाहा.

सरकारनं न ठरवताही गन्नेन होतं. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबे परिसरात भूकंप झाला आणि वर्षभरात दहा लाखांहून अधिक माणसं मदतीला आली. त्या सालाला ‘बोरान्तिआ गन्नेन’, स्वयंसेवेचं गन्नेन म्हणतात. शेजाऱ्याला हात देणारे जपानमध्ये त्याआधी नव्हते असं कोण म्हणेल?

मराठीत याला शब्द आहे का? ‘श्रीगणेशा’ आणि ‘मुहूर्तमेढ’ हे कामाच्या आरंभाचे शब्द आहेत, त्यात मोजणी नाही. ‘पर्व’ जवळ येतं, पण पर्वाला साल नसतं. माझा कौल ‘शक’ला आहे. शिवाजी महाराजांना आपण शककर्ते म्हणतो. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा शालिवाहन शके १५९६ चालू होतं, आणि त्याच आनंदनाम संवत्सरात राज्याभिषेक शके १ सुरू झालं. एकाच सालाला एका गणनेत १५९६ आणि दुसऱ्या गणनेत १. त्याआधी स्वराज्य नव्हतं असा अर्थ त्यातून कुणीही काढत नाही. तोरणा, प्रतापगड, पुरंदर सगळं आधीचंच. शोवा ४८ आणि फुकुशि गन्नेन यांचं नातं नेमकं तसंच आहे.

तेव्हा वाक्य असं करा: ‘१९७३ साली जपानमध्ये लोककल्याणाचा शक सुरू झाला, असं म्हटलं जातं.’ ‘लोक’ गाळू नका, नाहीतर ‘कल्याणचा शक’ वाचून माणूस आधी गावच धरेल. ‘असं म्हटलं जातं’ही ठेवा, कारण हे नुसतं दिलेलं नाव आहे, पंचांगातलं नव्हे. आणि सावाउचीचा उल्लेख तुमच्या लेखात नसेल, तर तळटीपेत एक ओळ जरूर घाला.