घर विकून आर.व्ही.त राहायला निघालोय, कॉस्ट्कोचं कार्ड ठेवावं की बंद करावं?

तुम्ही लिहिलंय की मिशिगनमधलं घर विकून येत्या वसंतात तुम्ही दोघं पिकअप आणि तिच्यामागे आर.व्ही., म्हणजे राहण्याचा ट्रेलर, घेऊन पूर्णवेळ फिरायला निघणार आहात. फ्रिज छोटा, कपाटं त्याहून छोटी. मग कॉस्ट्कोचं एक्झिक्युटिव्ह, म्हणजे जास्त फीचं, कार्ड चालू ठेवण्यात अर्थ आहे का, की त्याऐवजी तशाच दुसऱ्या दुकानाचं, सॅम्स क्लबचं, घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे.

कार्ड जरूर ठेवा. फक्त वाणसामानासाठी ठेवतोय असं समजू नका, आणि एक्झिक्युटिव्हऐवजी साधं करून घ्या. असं का म्हणते ते जरा सविस्तर सांगते, कारण आम्ही आधी नेमकं उलटं केलं होतं.

आम्ही न्यू जर्सीतलं घर २०२२ मध्ये विकलं. तेव्हापासून मी आणि नवरा २६ फुटी ट्रेलरमध्ये राहतो, पुढे पेट्रोलवरची पिकअप. (भारतातून वाचणाऱ्यांसाठी: कॉस्ट्को म्हणजे डीमार्टसारखं, पण कितीतरी मोठं दुकान. तिथे आत शिरायलाच वर्षाची फी भरावी लागते आणि बहुतेक सगळं मोठ्या पॅकमध्येच मिळतं.)

पहिल्या उन्हाळ्यात सू फॉल्सच्या कॉस्ट्कोत मी वीस वर्षांच्या सवयीने गाडा भरला. दोन गॅलन दूध, पाच डझन अंडी, पालकाचा मोठा डबा, स्ट्रॉबेऱ्या, दह्याचे दोन मोठे डबे. तिथून आम्ही बॅडलँड्सकडे निघालो. बाहेर ३८ अंशांच्या वर ऊन. आमचा फ्रिज जुन्या पद्धतीचा, गॅसवर आणि विजेवर दोन्हीवर चालणारा. असे फ्रिज कडक उन्हात आधीच दमतात, त्यात ट्रेलर नीट समतल उभा नसेल तर आणखीच. शिवाय मी तो इतका ठासून भरला होता की आत हवा फिरायला जागाच राहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर पालकाचं पाणी झालेलं आणि दूध फाटलेलं. अर्धं सामान कचऱ्यात टाकलं. उरलेल्या दुधाचं पनीर करायला घेतलं, तर ते ठेवायलाही थंड जागा नव्हती. अन्न टाकताना जीव तुटतो हो. आमच्या घरी भाताचं शीतही वाया घालवायची पद्धत नव्हती.

त्यानंतर वजनाचं कळलं. ट्रेलरच्या दाराजवळ एक पिवळा कागद चिकटवलेला असतो. त्यावर आत जास्तीत जास्त किती वजन भरता येईल ते लिहिलेलं असतं. आमचा आकडा १,४०० पौंड. ऐकायला भरपूर वाटतो. पण ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३० पौंड तिथेच गेले. पुढे बॅटऱ्या, भांडी, कपडे, हत्यारं, खुर्च्या. कॉस्ट्कोचा चाळीस बाटल्यांचा पाण्याचा पॅक एकटाच ४४ पौंडांच्या आसपास भरतो. घरात असताना प्रश्न एवढाच असतो की पौंडाला भाव काय पडला. इथे आधी बघायचं, हे ठेवणार कुठे, वाहणार कोण आणि फ्रिजविना टिकणार किती दिवस.

म्हणून आता मी मोठ्या पॅकमधलं तेच घेते, जे फ्रिजबाहेर टिकतं किंवा टिकेल असं करता येतं. बदाम, अक्रोड, ऑलिव्ह ऑइल, कॉफी, टोमॅटोचे डबे. बासमतीची वीस पौंडांची गोणी घेतली की लगेच चार डब्यांत वाटून पलंगाखालच्या कप्प्यात. आणि लोणी.

लोण्याबद्दल जरा जास्त सांगते. बिनमिठाचं लोणी चार पौंडांच्या पॅकमध्ये मिळतं. तेवढं लोणी आमच्या फ्रिजचा अख्खा कप्पा खातं, पण त्याचं तूप केलं की फ्रिजची गरजच संपते. आम्ही हिवाळ्यात ॲरिझोनात क्वार्टझाइटजवळ सरकारी जमिनीवर मुक्कामाला असतो. आजूबाजूला वाळवंट, लांब लांब उभे ट्रेलर. मी सकाळी वारा पडलेला असताना बाहेर एका बर्नरची शेगडी मांडते, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करते आणि जाड बुडाच्या पातेल्यात चारही पौंड एकदम टाकते. आत केलं तर कढवण्याचा वास आठवडाभर पांघरुणांना येतो. आधी भरपूर फेस येतो, तडतड आवाज होतो. आवाज बसला आणि तळाला बेरी बदामी दिसायला लागली की गॅस बंद. आई विड्याचं पान टाकायची, मी मेथीचे चार दाणे टाकते. पावणेदोन किलोच्या थोडं वर असलेल्या लोण्याचं दीड किलोच्या जरा आत तूप होतं. सांगलीहून आणलेल्या स्टीलच्या डब्यात ते रात्रीच्या थंडीत छान रवाळ थिजतं आणि आम्हा दोघांना अडीच महिने पुरतं. बेरीत साखर घालून शेजारच्या ट्रेलरमधल्या आजींना दिली होती. त्या आता मी शेगडी मांडली की खुर्ची घेऊनच येतात.

पालेभाजी, दूध, फळं मात्र जिथे असू तिथल्या साध्या दुकानातून, चार दिवसांपुरतीच. भाव जास्त पडतो, पण टाकायला लागत नाही. पाडव्याला एकदा अपवाद करते. ग्रीक योगर्टचा मोठा डबा आणते, कारण चक्का टांगायची कटकट वाचते.

तूरडाळ, पोहे, गोडा मसाला कॉस्ट्कोत शोधू नका, त्यासाठी देशी दुकानच लागतं. आम्ही तीन आठवड्यांनी एकदा मोठ्या शहराजवळ येतो. त्या दिवशी देशी दुकान, कॉस्ट्को, लाँड्री, औषधं, सगळं एकदम. गावाकडच्या आठवडी बाजारासारखा तो दिवस असतो, फक्त तीन आठवड्यांनी येणारा. ट्रेलर कॅम्पग्राउंडवरच सोडून नुसती पिकअप घेऊन जा. शनिवारी दुपारी कॉस्ट्कोच्या पार्किंगमध्ये ट्रेलर घालायचं मनातही आणू नका. आणि तिथे रात्री मुक्काम करायची सोय साधारणपणे नसते. वॉलमार्टच्या काही दुकानांत मॅनेजरला विचारून राहता येतं, तसं इथे धरून चालू नका.

आता फी खरी वसूल कुठे होते? पेट्रोलमध्ये. गेल्या वर्षी आम्ही सुमारे १,१०० गॅलन जाळलं. ट्रेलर मागे असला की पिकअप गॅलनला १० मैलच देते. त्यातलं ४०० गॅलनच्या आसपास कॉस्ट्कोच्या स्वतःच्या पंपांवर भरलं. मी वहीत लिहून ठेवते. त्या त्या गावच्या इतर पंपांपेक्षा सरासरी पाव डॉलर स्वस्त पडलं, म्हणजे शंभर डॉलर. साधी फी ६५ डॉलर. कार्ड तिथेच फिटलं.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, स्वस्त पेट्रोलसाठी वाट वाकडी करू नका. वीस मैल आत आणि वीस मैल परत, ट्रेलरसकट, म्हणजे चार गॅलन, तेरा-चौदा डॉलर गेले. टाकीत तीस गॅलन भरून वाचले साडेसात. दोन, ट्रेलर जोडलेला असताना त्या पंपांवर जाऊच नका. रांगा एकेरी, वळायला जागा कमी, आणि तुमचं शेपूट मागच्या दोन गाड्यांची वाट अडवतं. आम्ही निघायच्या आदल्या संध्याकाळी पिकअप एकटी नेऊन टाकी भरून आणतो. नळी लांब असते, त्यामुळे टाकीचं झाकण दुसऱ्या बाजूला असलं तरी पोचते. तुमची पिकअप डिझेलची असेल तर हा सगळा हिशेब बदलतो, कारण कॉस्ट्कोच्या पुष्कळ पंपांवर डिझेल नसतं.

दुसरा फायदा टायरांचा. पिकअपची चारही टायरं आम्ही कॉस्ट्कोतून टाकली. पंक्चर, बॅलन्सिंग, टायरांची अदलाबदल हे पुढे त्यांच्या कुठल्याही टायर सेंटरमध्ये फुकट होतं. एका जागी राहणाऱ्याला याचं फारसं अप्रूप नाही. आम्हाला युटातलं झायन नॅशनल पार्क बघून परतताना खिळा लागला, तर सेंट जॉर्जमध्ये तासाभरात काम झालं, पैसे शून्य. परतीच्या वस्तूंचंही तसंच. ॲरिझोनात घेतलेली वस्तू मोंटानात परत देता येते, घेतलेल्या दुकानात परत जावं लागत नाही. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्या माणसाला ही फार मोठी सोय आहे.

औषधांसाठी मात्र कार्ड ठेवू नका. अमेरिकेत कॉस्ट्कोच्या फार्मसीतून प्रिस्क्रिप्शनची औषधं सभासद नसलात तरी मिळतात. दारावर सांगितलं की आत सोडतात. नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन आम्ही एका गावच्या फार्मसीतून दुसऱ्या गावच्या फार्मसीत फिरवत असतो.

आता सॅम्स की कॉस्ट्को. हे तुमच्या वाटेवर ठरतं, स्वस्त कोण यावर नाही. कागदावर मार्ग काढा आणि दोघांची दुकानं त्यावर मांडून बघा. टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा अशा दक्षिणेच्या आणि मधल्या पट्ट्यात सॅम्स जास्त भेटतं. ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्ये त्यांचं एकही दुकान नाही. आम्ही वायोमिंगला गेलो तेव्हा तिथे कॉस्ट्को नव्हतं, पण शायेन आणि कॅस्परला सॅम्स होतं. त्या वर्षी आम्ही सॅम्सचंही कार्ड काढलं, तेव्हा ५० डॉलर होतं. त्यांच्या ॲपवर वस्तू स्वतः स्कॅन करून रांगेत न थांबता बाहेर पडता येतं, ते नवऱ्याला फार आवडलं. पण पुढच्या वर्षी आम्ही पश्चिम किनाऱ्याला होतो, म्हणून ते बंद केलं. पूर्व किनाऱ्यावरच राहणार असाल तर बीजेज हे असंच फीवालं दुकान बघा. बाकी देशात त्याची दुकानं फारशी नाहीत.

उत्तरेकडे जाणार असाल तर कॉस्ट्कोच. अमेरिकेचं कार्ड कॅनडात चालतं. अलास्काला जाताना आम्ही अल्बर्टातल्या ग्रँड प्रेरीच्या कॉस्ट्कोत शेवटचं सामान भरलं. तिथून डॉसन क्रीक, आणि मग अलास्का हायवे. पुढचं कॉस्ट्को थेट फेअरबँक्सला, सुमारे १,५०० मैलांवर. ते दुकान आधी सॅम्सचं होतं. २०१८ च्या जानेवारीत सॅम्सने अलास्कातली सगळी दुकानं बंद केली आणि त्याच वर्षी त्या इमारतीत कॉस्ट्को आलं. चिखलाने माखलेली पिकअप घेऊन आम्ही तिथे पोचलो, आणि आत तेच ओळखीचे गाडे, तीच मांडणी बघून मला घरी आल्यासारखं वाटलं. एक लक्षात ठेवा: अमेरिकेत त्यांच्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसा चालतं, कॅनडात फक्त मास्टरकार्ड. दोन्ही जवळ हवीत.

एक्झिक्युटिव्हचं गणित सोपं आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून साधं ६५ आणि एक्झिक्युटिव्ह १३० डॉलर. वरच्या ६५ साठी २ टक्के परत मिळतात, म्हणजे वर्षाला ३,२५० डॉलरची, महिन्याला २७० ची खरेदी झाली तरच बरोबरी. आणि पेट्रोल त्या २ टक्क्यांत धरत नाहीत. घरात असताना आम्ही तेवढं सहज करायचो, ट्रेलरमध्ये निम्मंही होत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यापासून एक्झिक्युटिव्हवाल्यांना सकाळी इतरांच्या आधी आत सोडतात. पार्किंग मोकळं मिळतं हे खरं, पण त्यासाठी ६५ डॉलर मी देणार नाही.

मुलाच्या कार्डावर भागेल का, असं खाली प्रतिक्रियांत कुणीतरी विचारलंय. नाही. दारावर स्कॅन होतं आणि फोटो बघतात. नवरा-बायकोंना एकाच फीत दोन कार्डं मिळतात, ती घ्या. आणि खरोखरच वर्षातून दोनदाच जाणार असाल तर मुलाला सांगून कॉस्ट्कोचं शॉप कार्ड, म्हणजे आधी पैसे भरलेलं कार्ड, मागवून घ्या. त्यावर सभासद नसलेल्यालाही खरेदी करता येते.

तुमचं कार्ड जूनपर्यंत आहे म्हणता. मग आत्ता काहीच बदलू नका. निघायच्या आधी पिकअपची टायरं झिजली असतील तर तिथेच बदलून घ्या, पत्ता तुमच्या टपालसेवेचा (फिरत्या लोकांचं टपाल घेऊन पुढे पाठवणाऱ्यांचा) करून ठेवा, आणि जूनमध्ये साध्या कार्डावर या. पुढे वाटलं की उपयोग होत नाही, तर काउंटरवर जाऊन सांगा. वर्ष अर्धं संपलेलं असलं तरी पूर्ण फी परत देतात.