एकाच जीनची पाच नावं, मग डेटा जोडायचा कसा?

प्रश्न : मी कॅन्सरवर पीएचडी करतेय. जीन एक्स्प्रेशनचा डेटा एक्सेलमध्ये आहे, प्रोटीनची माहिती एका डेटाबेसमधून घेतलीय, औषधांची तिसरीकडून. जोडायला बसलं की काहीच जुळत नाही, प्रत्येकाची नावं वेगळी. गाइड म्हणतात सिमँटिक वेब वापर. मी आरडीएफबद्दल वाचलं पण सगळं डोक्यावरून गेलं. याने माझं काम खरंच सोपं होईल का?

उत्तर : होईल. सिमँटिक वेब म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणची माहिती कॉम्प्युटरलाही अर्थासकट जोडता येईल अशी लिहिणं, आणि आरडीएफ ही ती लिहायची पद्धत. पण आधी नावांचा घोळ निस्तरूया, आरडीएफकडे मग येऊ.

तुमच्याच विषयातलं पी५३ घ्या. प्रोटीन १९७९ मध्ये सापडलं, जेलवर वजन ५३ किलोडाल्टनच्या आसपास दिसलं म्हणून हे नाव पडलं, खरं वजन ४३.७ च्या जवळपास आहे पण नाव काही बदललं नाही. त्याच्या जीनचं अधिकृत नाव टीपी५३, उंदरात तोच जीन टीआरपी५३. एनसीबीआयच्या जीन डेटाबेसमध्ये त्याचा नंबर ७१५७, माणसाच्या जीन्सना अधिकृत नावं देणाऱ्या एचजीएनसीकडे ११९९८, एन्सेम्बल या जीनोमच्या डेटाबेसमध्ये ईएनएसजी०००००१४१५१०, आणि त्यापासून बनणारं प्रोटीन यूनिप्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसमध्ये पी०४६३७. आपल्याला माहितीय की हे सगळं एकाच कुटुंबातलं आहे, कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? आणि उलटा त्रासही आहेच, एकच नाव दोघांना. पीएसए म्हटलं की डॉक्टरांना प्रोस्टेटची टेस्ट आठवते, त्या प्रोटीनचा जीन केएलके३, पण एनपीईपीपीएस नावाच्या अगदी वेगळ्या जीनचंही जुनं टोपणनाव पीएसएच आहे. त्यामुळे नावावरून व्हीलुकअप (एका टेबलमधलं नाव दुसऱ्यात शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला) मारला की कधी ना कधी फसणार हे धरूनच चाला.

एक्सेलचं म्हणाल तर तुमची फाइल आत्ताच उघडून बघा की जीनच्या कॉलममध्ये तारखा झाल्यात का. सेप्ट१, मार्च१ अशी नावं एक्सेल गुपचूप तारखेत बदलतं. २०१६ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत एक्सेलमध्ये जीनच्या याद्या जोडलेल्या पेपरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात ही चूक सापडली होती, शेवटी २०२० मध्ये एचजीएनसीने ती नावंच बदलून सेप्टिन१, मार्चएफ१ अशी करून टाकली. म्हणून पहिलं काम हे की तुमच्या प्रत्येक ओळीत नावाच्या शेजारी एक पक्का आयडी हवा, नाव फक्त वाचायला ठेवा.

आता आरडीएफ. शाळेतलं व्याकरण आठवा, कर्ता, क्रियापद, कर्म. आरडीएफमध्ये माहिती अशाच तीन तुकड्यांच्या वाक्यांत लिहितात, त्याला ट्रिपल म्हणतात. 'जीन ७१५७ बनवतो प्रोटीन पी०४६३७.' 'ॲस्पिरिन रोखतं प्रोटीन पी२३२१९' (हे कॉक्स-१ नावाचं एंझाइम बरं का). बस, एवढंच. खरी गंमत पुढे आहे, यातल्या कर्त्याला आणि क्रियापदाला वेबवरचा स्वतःचा पत्ता असतो, कर्मालाही बहुतेक वेळा असतो, नाहीतर तिथे नुसता आकडा किंवा मजकूर येतो. तुम्ही तुमच्या फाइलमध्ये पी०४६३७ साठी यूनिप्रॉटचाच पत्ता वापरलात की तुमची वाक्यं आणि त्यांची वाक्यं आपोआप एकाच गाठीला येऊन मिळतात, वेगळं जोडत बसावं लागत नाही. नवीन प्रकारची माहिती आली तर टेबलची रचना मोडायची गरज नाही, आणखी वाक्यं घालायची. जीवशास्त्रात दर महिन्याला काहीतरी नवीन मोजायला लागतात लोक, म्हणून मला ही पद्धत मनापासून आवडते.

या वाक्यांना प्रश्न विचारायची भाषा म्हणजे स्पार्कल. २०१३ च्या स्पार्कल १.१ पासून एकाच क्वेरीत दुसऱ्या सर्व्हरलाही विचारता येतं, त्यासाठी सर्व्हिस हा शब्द आहे. म्हणजे यूनिप्रॉटला विचारायचं की माणसातली कुठली एंझाइम्स आजाराशी जोडलेली आहेत, त्यांच्या रिॲक्शन्स रिआ नावाच्या डेटाबेसकडून मागायच्या, आणि रिआ रेणूंसाठी चेबी या रेणूंच्या डेटाबेसचेच आयडी वापरत असल्यामुळे तिथून थेट रेणूपर्यंत पोचायचं. हे हाताने करायला गेलात तर तीन साइट, तीन फाइल्स आणि एक अख्खा आठवडा.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा की सगळा डेटा आरडीएफमध्ये घालायच्या मागे आत्ता लागू नका. तुमच्या थिसिसमधला एकच प्रश्न घ्या ज्याला दोन डेटाबेस लागतात, तेवढ्यापुरते आयडी साफ करा, तेवढेच ट्रिपल बनवा. तो प्रश्न सुटला की बाकीचं कसं करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल.


प्रश्न : आमच्या टीमने औषधांचे दोन डेटाबेस 'सेम ॲज' लावून जोडले. आता एका औषधाच्या पानावर दोन-दोन वजनं येतायत आणि काही प्रोटीन्सच्या नोंदीत चक्क क्रोमोसोम दिसतोय. सॉफ्टवेअरमध्ये बग आहे का?

उत्तर : सॉफ्टवेअर बरोबर वागतंय, तुम्ही जे सांगितलं तेच ते करतंय. आउल म्हणजे ट्रिपलमधल्या गोष्टींची नेमकी नाती सांगायची भाषा, तिच्यातलं सेम ॲज म्हणजे 'साधारण सारखं' नाही, 'या दोन नावांची वस्तू एकच आहे' असा तो दावा आहे, एकाबद्दल जे खरं ते सगळं दुसऱ्याबद्दलही खरं. तुम्ही कुठेतरी टीपी५३ हा जीन आणि पी०४६३७ हे प्रोटीन सेम ॲजने बांधलं असणार. मग जीनचं वजन ४३.७ किलोडाल्टन झालं आणि प्रोटीन जाऊन १७ नंबरच्या क्रोमोसोमवर बसलं. आणि हे साखळीने पसरतं, अ म्हणजे ब आणि ब म्हणजे क, तर अ म्हणजे क, त्यामुळे एका ओळीतली घाई हजार नोंदींत जाते. मी स्वतः एका प्रोजेक्टमध्ये अशी एक चुकीची जोडणी शोधण्यात दोन आठवडे घालवलेत, म्हणून एवढं कळकळीने लिहितोय.

औषधांचं तर आणखी नाजूक आहे. मेटफॉर्मिन घ्या. शुद्ध रेणूचं मोलर वजन साधारण १२९.२, पण गोळीत असतो त्याचा क्षार, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, त्याचं १६५.६. ५०० मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइडमध्ये खरं मेटफॉर्मिन ३९० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. आता हे दोन एक की वेगळे? शरीरात कुठल्या प्रोटीनवर काम करतं हे बघणाऱ्याला एकच, डोसचा हिशोब करणाऱ्याला वेगळे, आणि दोघंही बरोबर. तुमच्या पानावर दोन वजनं येतायत ती बहुधा याचमुळे, कोणीतरी नावावरून जुळवलं असेल. रचनेवरून काढलेल्या इनची-की या २७ अक्षरांच्या खुणेने जुळवलं असतं तर क्षार वेगळा पडला असता.

ओपन फॅक्ट्स नावाच्या युरोपातल्या मोठ्या प्रकल्पापुढे हाच प्रश्न होता आणि त्यांनी काढलेला मार्ग मला आजही सगळ्यात समजूतदार वाटतो. त्यांनी जोडण्या मूळ डेटात मिसळल्याच नाहीत, वेगळ्या ठेवल्या, प्रत्येक जोडणी कुठल्या कारणाने केली ते लिहून ठेवलं, आणि वापरणाऱ्याला 'लेन्स' दिली, म्हणजे क्षार एकत्र धरायचे की वेगळे हे प्रश्न विचारताना तुम्ही ठरवायचं.

तुम्ही आता काय कराल तर सगळे सेम ॲज एका वेगळ्या ग्राफमध्ये (ट्रिपलच्या वेगळ्या गठ्ठ्यात) उचलून ठेवा आणि एकेक प्रकार तपासा. जीन आणि प्रोटीन यांच्यात 'बनवतो' असं नातं लावा. क्षार आणि मूळ रेणू यांच्यात 'याचा क्षार' असं नातं लावा. जिथे तुम्हाला 'जवळपास तेच' एवढंच म्हणायचंय तिथे स्कॉस या शब्दसंग्रहातलं क्लोज मॅच वापरा, ते साखळीने पसरत नाही. सेम ॲज अगदी शेवटी उरतील, आणि बहुतेक फारच थोडे उरतील.


प्रश्न : दोन लॅबचा व्हेरियंट (डीएनएतले बदल) डेटा आरडीएफमध्ये आणला, पण एकही जागा जुळत नाही. दोन्हीकडे बीआरएएफ जीनमधला व्ही६००ई हा बदल असलेले पेशंट आहेत हे आम्हाला माहितीय.

उत्तर : एकाने जीआरसीएच३७ हा माणसाच्या जीनोमचा जुना नकाशा आणि दुसऱ्याने जीआरसीएच३८ हा नवा वापरलाय, जवळजवळ नक्की. हाच बदल जुन्या नकाशात ७ नंबरच्या क्रोमोसोमवर १४०४५३१३६ या जागी येतो आणि नव्यात १४०७५३३३६ या जागी, तीन लाखांवर फरक. नुसता आकडा लिहिला आणि कुठल्या नकाशातला ते लिहिलं नाही तर त्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि आरडीएफ इथे स्वतःहून वाचवणार नाही. जागा लिहायला फाल्डो नावाची छोटी ऑन्टॉलॉजी (ठरवून दिलेले शब्द आणि त्यांची नाती यांचा संच) आहे, तिच्यात जागा कुठल्या सीक्वेन्सवरची हेही सोबत लिहिता येतं, ती वापरा. आधी लिफ्टओव्हर करून दोन्ही एका नकाशावर आणा, आणि मूळ आकडा पुसू नका.


प्रश्न : सहा महिने झाले आम्ही प्रोटेजे या सॉफ्टवेअरमध्ये आमच्या लॅबची स्वतःची ऑन्टॉलॉजी बनवतोय, अजून संपत नाही. कधी थांबायचं?

उत्तर : आजच थांबा, आणि हे मी तुमच्या मेहनतीचा मान ठेवून म्हणतोय. जीन ऑन्टॉलॉजी १९९८ मध्ये माशी, यीस्ट आणि उंदीर यांच्यावर काम करणाऱ्यांनी एकत्र येऊन सुरू केली आणि अजून तिच्यावर काम चालूच आहे, एका लॅबने ते परत का करायचं? जैविक प्रोसेससाठी ती आहे, रेणूंसाठी चेबी, आजारांसाठी मोंडो, लक्षणांसाठी ह्यूमन फेनोटाइप ऑन्टॉलॉजी. तुमचे शब्द ओएलएस किंवा बायोपोर्टल या ऑन्टॉलॉजी शोधायच्या साइटवर एकेक करून शोधा, बरेचसे सापडतील. जे नाहीत तेवढेच स्वतःचे ठेवा, आणि ते त्या ऑन्टॉलॉजीवाल्यांना सुचवा, ते घेतात. तुम्ही बनवलेल्या व्याख्या वाया जाणार नाहीत, सुचवताना त्याच कामी येतील.


प्रश्न : हे सगळं साध्या लॅपटॉपवर चालेल का? यूनिप्रॉट डाउनलोड करायला लागेल का?

उत्तर : अजिबात करू नका, यूनिप्रॉटचे ट्रिपल शंभर अब्जांच्याही वर आहेत. तुमचा स्वतःचा काही लाख ट्रिपलचा डेटा पायथनमधल्या आरडीएफलिबवर आरामात चालेल, त्याहून मोठा झाला की जेना फ्युसेकी हा ट्रिपल ठेवायचा सर्व्हर टाका, दोन्ही फुकट आहेत. बाकीच्यांना त्यांच्याच सर्व्हरवर विचारा. फक्त क्वेरी लांबली की ते मधेच तोडतात, विकिडेटा तर ६० सेकंदांत, म्हणून आधी लिमिट १० लावून (म्हणजे फक्त दहा ओळी मागून) बघायचं, उत्तराचा आकार पटला की जीन आयडी थोडेथोडे करून पाठवायचे, आणि आलेलं उत्तर तारीख घालून सेव्ह करायचं कारण पुढच्या रिलीजला तीच क्वेरी वेगळं उत्तर देऊ शकते.