काळजी रोजची, नजर भलतीकडे

‘मॅडम, घरच्यांना वाटतं मला वेड लागलंय. तुम्हीच सांगा, एका मांजरापायी एवढी काळजी करणं बरोबर आहे का?’

मी समुपदेशक, हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा येतो. कधी मांजराच्या जागी कुत्रा असतो, एकदा ससाही होता. विचारणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ ऐकायचं असतं, आणि मी दोन्ही सांगायचं टाळते. काळजी किती आहे यावर कितीही बोललं तरी हाती फारसं काही लागत नाही. ती नेमकी कशाकडे बघतेय आणि तिचं पुढे काय होतं, हे विचारलं की गाडी हलते.

ही हकीकत एका बाईंची आहे. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून लिहितेय.

बाई पन्नाशी उलटलेल्या, नोकरीतून मोकळ्या झालेल्या. घरात यजमान, कॉलेजात जाणारी मुलगी आणि अकरा वर्षांची मांजरी, चिंगी. रात्री दोनदा-तीनदा उठून त्या मोबाइलच्या उजेडात चिंगीचा श्वास मोजायच्या. सकाळी वाळूच्या ट्रेमध्ये लघवीनं वाळू चिकटून झालेले गोळे किती ते बघायच्या, एखादा कमी वाटला की दिवस गेला. ती शिंकली की दवाखाना. डॉक्टर म्हणायचे, ‘ठीक आहे हो.’ हायसं वाटायचं ते संध्याकाळपर्यंत. मग, ‘यांनी नीट बघितलंच नाही,’ असं वाटून दुसरे डॉक्टर. वर्ष-दीड वर्षात चार दवाखाने झाले होते. यजमान वैतागलेले: ‘आमच्या आजारपणात एवढी धावपळ कुणी केली नाही.’

एवढी धास्ती कुठून आली, ते कळायला वेळ लागला नाही. आधी चिंगीसोबत त्यांच्याकडे एक बोकाही होता. तो ट्रेमध्ये बसून कुंथत होता, त्यांना वाटलं पोट साफ होत नाहीये. एक-दोन दिवस घरगुती उपाय झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, लघवी अडली होती. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, बारीक खडे किंवा चिकट स्रावाचा बूच बसला की वाट बंद होते. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयावर परिणाम होतो आणि दिवसा-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. कुंथणं बघून ते बद्धकोष्ठ समजणं ही अनेकांची होणारी गफलत आहे. बाईंना मात्र ती गफलत वाटत नव्हती, तो गुन्हा वाटत होता. ‘आता माझ्या नजरेतून काही सुटणार नाही,’ असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं, आणि ट्रेवरचा पहारा तिथून सुरू झाला होता.

बोक्याबद्दल आम्ही बरंच बोललो. ते सगळं इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की त्यांनी त्याच्यासाठी रडणं पुढे ढकललं होतं आणि त्या जागी पहारा बसवला होता.

मग मी त्यांना एक काम दिलं: चारही दवाखान्यांचे कागद तारखेप्रमाणे लावा आणि प्रत्येक भेटीत काय काय नोंदलंय ते एका वहीत उतरवा. हेतू साधा होता. ‘कुणीच नीट बघितलं नाही’ हे कितपत खरं आहे ते त्यांनाच तपासता यावं. पुढच्या वेळी त्या आल्या त्या वही उघडूनच. बोट वजनाच्या रकान्यावर होतं. ४.८ किलो, ४.६, ४.५, ४.१.

‘हे कुणीच कसं बोललं नाही?’

कोण बोलणार? प्रत्येक डॉक्टरांसमोर एकच आकडा होता. ४.१ किलोची मांजरी बघून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही, अनेक मांजरांचं वजन तेवढंच असतं. पण ४.८ वरून ४.१ म्हणजे जवळजवळ १५ टक्के घट. साठ किलोच्या माणसाचं वजन नऊ किलोनं उतरावं, तशी. घरच्यांना ती दिसत नाही, कारण मांजर रोज डोळ्यांसमोर असतं आणि अंगावर केस असतात. डॉक्टरांना दिसू शकते, पण मागचं वजन त्यांच्याच कागदावर असेल तर. चौघांनीही आपापल्या परीनं नीट तपासलं होतं, फक्त चिंगीचा इतिहास चौघांत वाटला गेला होता.

मी विचारलं, खाणं कसं आहे? बाईंचा चेहरा उजळला. ‘त्याची मात्र काळजी नाही. हल्ली तर दुप्पट खाते. या वयात काय पळते, रात्री ओरडून घर डोक्यावर घेते!’

इथे मी थांबते, कारण कोणतं लक्षण कशाचं हे सांगणं माझं काम नाही. बऱ्याच जणांना वाटतं की समुपदेशक एकदा म्हणाल्या ‘काही नाही होत’, की झालं. तसं मी म्हटलं असतं, तर त्यांच्या यादीत पाचवी डॉक्टर मीच झाले असते. मी एवढंच सुचवलं: घराजवळचा एक दवाखाना निवडा आणि वर्षभर तो बदलायचा नाही. घाईत, शिंक आली म्हणून नको. आधी वेळ घ्या, ही वही पुढे ठेवा आणि सांगा की मला बोलायला थोडा जास्त वेळ हवाय.

अडचण निघाली कॅरियरची, म्हणजे मांजर नेण्याच्या पेटीची. तो माळ्यावर. खाली काढताना खडखडला की चिंगी पलंगाखाली, मग झाडू, ओरडाआरडा, ओरखडे. दवाखान्यात पोचेपर्यंत दोघींच्या छातीत धडधड. नव्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं, की कॅरियर महिनाभर बैठकीच्या खोलीत उघडा ठेवा, आत तिच्या वासाची जुनी शाल घाला, तिचा खाऊ अधूनमधून आतच द्या. पण वजनाचे आकडे ऐकल्यावर त्यांनीच ती मुदत आठवड्यावर आणली, आणि घाबरटपणा कमी करायला प्रवासाआधी द्यायचं औषध लिहून दिलं. अशी औषधं मांजरांना देतात हेच पुष्कळांना माहीत नसतं. एक मात्र आहे, ती डॉक्टरांनीच ठरवायची. माणसांच्या डब्यातली गोळी मांजराला कधीही नको. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. हे विषयांतर झालं, पण मायेपोटी गोळी देणारे मला भेटलेत.

डॉक्टरांनी वही वाचली, चिंगीचा गळा चाचपला, रक्त घेतलं. निदान झालं थायरॉईड वाढल्याचं. दहाच्या पुढच्या मांजरांत हा आजार बराच आढळतो. भूक वाढते, अंगात उसना उत्साह येतो, वजन मात्र घटत जातं, हृदयावर ताण येतो. ज्या गोष्टीकडे बघून बाई निश्चिंत होत होत्या, तेच लक्षण निघालं. आणि ज्या ट्रेवर दीड वर्ष डोळे लावले होते, तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं.

त्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या त्या पार खचून. ‘इतकं बघत होते तरी सुटलंच ना?’ मी समजूत घातली नाही. विचारलं, तुम्ही काय बघत होता? बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘बोक्याचा आजार.’ चिंगीच्या अंगात त्या बोक्याला शोधत होत्या. माझ्या मते त्यांच्या उपचारातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच, आणि ते त्यांचं त्यांनीच काढलं.

पुढचं बरंचसं काम डॉक्टरांनी केलं. बाईंनी माझ्या सांगण्यावरून त्यांना तीन गोष्टी विचारल्या: काय दिसलं की तडक निघायचं, काय दिसलं तर सकाळपर्यंत थांबता येईल, आणि काय नुसतं वहीत लिहायचं? तडक निघायचं ते तोंड उघडून श्वास घेत असेल, लघवीला बसून थेंबही होत नसेल, झटका आला, मागचे पाय अचानक लुळे पडले तर. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर फोन करायचा, उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढू शकते. एखादी शिंक, केसांच्या गोळ्याची एखादी उलटी वहीत. आणि श्वास? आठवड्यातून एकदा, गाढ झोपेत असताना, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचा. तीसच्या आत असला की झोपा. पहाऱ्यातून सुटण्यासाठी बाईंना मी शिकवलेल्या श्वासाच्या व्यायामापेक्षा हा तीसचा आकडा जास्त कामी आला, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही.

रात्रीचं उठणं लगेच थांबलं नाही. आधी तीनदाचं एकदा झालं. उठावंसं वाटलं की पंधरा मिनिटं थांबायचं आणि वहीतली यादी वाचायची, असं ठरवलं होतं. बहुतेक वेळा पंधरा मिनिटांत डोळा लागायचा. काही रात्री नाही लागायचा, तेव्हा त्या उठायच्या. त्याचाही बाऊ केला नाही.

औषधाच्या गोळीला चिंगीनं दाद दिली नाही. डॉक्टरांनी तेच औषध जेलच्या रूपात दिलं. हातमोजा घालून कानाच्या पाळीच्या आतल्या बाजूला चोळायचं, एकदा डावा कान, पुढच्या वेळी उजवा. हे काम यजमानांनी घेतलं. कोणता कान झाला हे विसरायला नको म्हणून ते कॅलेंडरवर ‘डा’ आणि ‘उ’ लिहितात, आणि बाईंना त्यात हात घालू देत नाहीत. काही आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासलं. थायरॉईड ताब्यात आला की कधी कधी त्याच्याआड लपलेला मूत्रपिंडाचा आजार उघडा पडतो, म्हणून तीही तपासणी त्यात होती. मूत्रपिंडं ठीक निघाली. वजन ४.४ वर आलं.

आता वजन महिन्यातून एकदा, त्याच दवाखान्यात, त्याच काट्यावर. बाईंनी स्वयंपाकघरात वेगळा काटा आणायचा घाट घातला होता. डॉक्टर नको म्हणाले, मीही नको म्हटलं.