इतिहासात सर्वात जास्त जीव कोणत्या दारूगोळ्याने घेतले?

निव्वळ संख्येने पाहिलं तर बंदुकीची गोळी नाही, तोफेचा स्फोटक गोळा. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर मेलेल्या आणि जखमी झालेल्या सैनिकांपैकी निम्म्याहून जास्त तोफगोळ्यांनीच बळी पडले किंवा घायाळ झाले. मशीनगनचं नाव उगाच मोठं झालं.

फक्त गोळ्यांबद्दल विचारत असाल तर माझं मत मिनिए गोळीला. १८४९ च्या सुमारास फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांनी ती घडवली. मऊ शिशाची, टोकाला निमुळती, बुडाशी पोकळ. नळीपेक्षा किंचित बारीक असल्याने वरून पटकन आत सरकायची; बार उडाला की वायूच्या दाबाने तिचं बूड फुगून नळीतल्या पिळाच्या खाचांत घट्ट बसायचं. त्यामुळे भरायला सोपी आणि नेमही लांबचा. अमेरिकी यादवी युद्धात (१८६१-६५) बहुतेक जखमा बंदुकीच्या गोळ्यांच्याच होत्या आणि त्यांत हीच मुख्य. जड, संथ आणि मऊ असल्याने हाडाला लागली की चुरा करायची. मग हातपाय कापण्यावाचून डॉक्टरांपुढे फारसा पर्याय नसे.

आणि हो, १८५७ च्या उठावात ज्या चरबीच्या काडतुसांवरून वाद पेटला, त्या एनफिल्ड रायफलीची गोळीही याच जातीची.

कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातली, शरीरात शिरून पसरणारी गोळी बदनाम खूप झाली. १८९९ च्या हेग परिषदेत तशा गोळ्यांवर बंदीही आली. पण बळींच्या हिशेबात ती मिनिएच्या जवळपासही येत नाही.