स्ट्रॅटेजिक म्हणजे ‘धोरणात्मक’ का?

मुंबईच्या बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एका फायनान्स कंपनीत असलेल्या ताईंनी विचारलंय की त्यांच्याकडे मॅनेजर लोकांचं ट्रेनिंग आहे, नाव ‘लीडिंग स्ट्रॅटेजिक चेंज अँड बिझनेस प्लॅनिंग’, आणि मराठी पत्रकात त्याचं ‘धोरणात्मक बदलाचे नेतृत्व व व्यवसाय नियोजन’ असं केलंय, तर हे बरोबर आहे का.

ताई, मला विचाराल तर ‘धोरणात्मक’ इथे नको. धोरण म्हणजे पॉलिसी, एकदा ठरवलं की सगळ्यांनी त्याप्रमाणे वागायचं. कोर्टाच्या बातमीत ‘हा सरकारचा धोरणात्मक निर्णय आहे’ असं येतं तिथे अर्थ पॉलिसीचाच असतो. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण तसंच, २०१६ पासून सहा जणांची समिती रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर) ठरवते आणि सगळ्या बँका त्या हिशोबाने चालतात. (पतधोरण हा शब्द मला फार आवडतो, इंग्रजीत क्रेडिट पॉलिसी जाऊन मॉनेटरी पॉलिसी आली तरी आपण ‘पत’ सोडली नाही.)

स्ट्रॅटेजीचं मूळ ग्रीक, स्ट्रॅटेगोस म्हणजे सेनापती. समोर कोण आहे, आपल्याकडे काय आहे, मैदान कसलं आहे हे बघून मांडणी करायची, म्हणजे आपली व्यूहरचना. रणनीती पण चालतो पण तो निवडणुकीच्या बातम्यांत इतका वापरलाय की गुळगुळीत झालाय. आणि डावपेच म्हणजे टॅक्टिक्स, ते लहान पल्ल्याचं.

दलाल स्ट्रीटचंच बघा ना. मुंबई शेअर बाजारात, म्हणजे बीएसईत, रिंगमध्ये (सौद्यांच्या हॉलमध्ये) ओरडून, हाताच्या खुणा करून सौदे व्हायचे, मग १९९४ मध्ये एनएसई, म्हणजे नॅशनल स्टॉक एक्स्चेंज, शेअर्सचे सौदे थेट स्क्रीनवर घेऊन आलं आणि १९९५ मध्ये बीएसईनेही बोल्ट ही स्वतःची स्क्रीनवरची यंत्रणा आणून रिंग सोडली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे नियम हे धोरण, ते दोघांनाही सारखेच लागू. पण समोर स्क्रीनवाला उभा राहिल्यावर इतक्या वर्षांची रिंग बंद करून आपणही स्क्रीनवर जायचं हे बीएसईने स्वतः ठरवलं, ही व्यूहरचना. आता दोन्हीला ‘धोरणात्मक बदल’ म्हटलं तर फरक कळणार कसा?

आणि हे नुसतं शब्दांचं खूळ नाहीये. मी पूर्वी होतो त्या कंपनीत सर्क्युलर आलं, ‘कंपनीत धोरणात्मक बदल होत आहेत’. कल्याण-बदलापूरकडच्या ब्रँचमधल्या मुलांना वाटलं रजेचे नाहीतर केवायसीचे नियम बदलले, कुणी फार लक्ष दिलं नाही. खरं म्हणजे कंपनी टू-व्हीलर लोन बंद करून होम लोनमध्ये जात होती, म्हणजे ज्यांचं रोजचं काम बदलणार होतं त्यांनाच ते दीड महिन्याने कळलं, आणि याचं मला अजून वाईट वाटतं. ‘आपण टू-व्हीलर लोन सोडून होम लोनकडे वळतोय’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

‘बदलाचे नेतृत्व’ पण कानाला खटकतं. नेतृत्व माणसांचं करतात, संघाचं करतात, मोर्चाचं करतात. बदल आपण घडवून आणतो. म्हणून मी लिहीन ‘व्यूहात्मक बदल घडवून आणणं आणि व्यवसायाची आखणी’. व्यूहात्मक जड वाटत असेल तर सरळ ‘कंपनीची दिशा बदलताना’ म्हणा, मला तर तेच जास्त बरं वाटतं, ब्रँचमधल्या मुलालाही लगेच कळेल.

राहिलं प्लॅनिंग. नियोजन चुकीचं नाही पण सरकारी वाटतं. आखणीत रेघ मारणं आहे, सुतार लाकूड कापायच्या आधी आखून घेतो तसं. फक्त आखणी आणि आराखडा एक करू नका, जानेवारी-फेब्रुवारीत किती ब्रँच, किती माणसं, किती कर्जवाटप यावर जी डोकेफोड चालते ती आखणी, आणि मार्चअखेर बोर्डापुढे जी फाईल जाते तो आराखडा.