नवा बेल्ट टाकूनही लॉन मोअर ओढत नाही, उजवीकडे वळतं. गिअरबॉक्स बदलावा का?

तुमचं गवत कापायचं मशीन मागच्या चाकांच्या जोरावर चालणारं, पेट्रोलचं. इंजिन ठणठणीत, ब्लेड फिरतं, बेल्ट नवा आहे. तरी चालताना उजवीकडे ओढ घेतं आणि चढावर थबकतं. मेकॅनिकने “भिया, गिअरबॉक्स गया” म्हणून सांगितलंय. मी इंदुरातच छोट्या इंजिनांची कामं करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: तूर्तास गिअरबॉक्सवर एक रुपयाही घालू नका.

साधं कारण आहे. या मशीनमध्ये गिअरबॉक्समधून एकच शाफ्ट निघतो आणि दोन्ही चाकांना तोच फिरवतो. डावं चाक ओढतंय म्हणजे शाफ्ट फिरतोय, आणि शाफ्ट फिरतोय म्हणजे गिअरबॉक्स जिवंत आहे. मशीन ज्या बाजूला वळतं त्या बाजूचं चाक मेलेलं असतं. तुमचा दोष उजव्या चाकापाशी आहे.

खात्री करून घ्या. इंजिन बंद करा आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला ठेवा (हे टाळू नका, खाली ब्लेड आहे). ड्राइव्हची दांडी (हँडलवरची, मशीन पुढे चालवणारी) दाबून धरा आणि मशीन हळूच मागे ओढा. चाक ठीक असेल तर ते अडून घासत येतं. डावं अडलं आणि उजवं मोकळं फिरत राहिलं, तर विषय संपला.

आता उजवं चाक काढा. चाकाच्या आत प्लास्टिकचे दाते असतात आणि शाफ्टवर एक लहान गिअर, म्हणजे पिनियन. चाकाचे दाते बोटाने चाचपून बघा. झिजलेला दाता टोकाला धारदार लागतो, धड दाता बोथट. दाते गेले असतील तर चाकच बदलावं लागतं. दाते शाबूत असतील तर सर्क्लिप (पिनियनला जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढून पिनियन बाहेर घ्या. तिथे शाफ्टच्या खाचेत एक लहानशी लोखंडी चावी असते. मशीन पुढे जाताना ती पिनियनला आतून पकडते आणि ढकलताना सोडून देते. तिच्या कडा गोल झाल्या, किंवा बेल्ट बदलताना कोणी चाक उघडून ती उलटी बसवली, तर चाक नुसतं कटकट करतं, ओढत नाही. बेल्ट बदलल्यानंतर वळणं सुरू झालं असेल तर माझा पहिला संशय इथेच. पुष्कळ मशीनमध्ये डावं-उजवं पिनियनही वेगळं असतं, अदलाबदल झाली तर दोन्ही चाकं ओढणं बंद करतात. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे दुसरीकडे बघून जुळवता येतं.

आपल्याकडची काळी माती हा वेगळाच ताप. पावसाळ्यात ओलं गवत कापलं की माती आणि गवताचा लगदा चाकाच्या आत जाऊन विटेसारखा वाळतो. ब्रशने काढा. ग्रीस शाफ्टवर अगदी बोटाला लागेल तेवढंच, थापू नका, त्यालाच धूळ चिकटते. बेल्टला तर ग्रीसचा हातही लागू देऊ नका.

चढावर थबकणं मात्र ड्राइव्हच्या दांडीला जोडलेल्या केबलचं वाटतं. हँडलजवळ किंवा केबलच्या मध्ये आटेवाला अॅडजस्टर असतो. लॉकनट सैल करा, एकेक फेरा ताण वाढवा आणि चालवून बघा. दांडी सोडल्यावर केबलला जरासा ढिलेपणा राहायलाच हवा. जास्त ताणली तर दांडी सोडूनही मशीन सरपटत राहतं, आणि ते धोक्याचं. शिवाय नवा बेल्ट घासून जळतो. अॅडजस्टर शेवटच्या आट्याला पोचला तरी जोर येत नसेल तर केबल लांबलीय, बदला. बेल्ट मूळ मापाचा आहे ना तेही विचारा. इथल्या सियागंज बाजारात त्याच लांबीचा दुसरा बेल्ट मिळतो, पण जाडी किंवा बाजूंचा उतार वेगळा असेल तर तो पुलीत बसून घसरत राहतो.

मशीन आडवं करायचं झालं तर एअर फिल्टर आणि कार्बुरेटरची बाजू वर ठेवा. नाहीतर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि सुरू करताच पांढरा धूर निघतो, मग तेवढ्यावरूनही कोणीतरी तुम्हाला इंजिन बसलं म्हणून सांगेल.

मशीन थांबवून लगेच मागे खेचता आणि चाकं अडकतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. पुष्कळ मशीनमध्ये हे होतंच, तो बिघाड नाही. दांडी सोडल्यावर आधी वीतभर पुढे ढकला, पकड सुटते, मग मागे घ्या. माळ्याला एवढं दाखवून ठेवा, कारण हिसके मारून मागे ओढण्यानेच त्या चावीच्या कडा लवकर जातात.